बीज, क्षेत्र आणि स्त्रीबीज

मूल कोणाच्या बीजातून उगवते, हा प्रश्न भारतीय शास्त्रकारांनी शेतकऱ्याच्या भाषेत विचारला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र म्हटले आहे आणि पुरुषाला बीज. कधी बीज वरचढ ठरते, कधी क्षेत्र, हेही तिथे मान्य केले आहे. पण दोहोंची तुलना करायची वेळ येते तेव्हा कौल बीजाच्या बाजूने जातो. कारण उघड आहे: एकाच जमिनीत भात पेरला तर भात येतो, मूग पेरला तर मूग. पीक बियाण्याच्या वळणावर जाते, मातीच्या नव्हे.

ग्रीसमध्येही विचार याच वाटेने गेला. एस्किलसच्या ‘युमेनिडीज’ या इ. स. पू. ४५८ मधल्या नाटकात अपोलो भर न्यायसभेत सांगतो, की आई ही खरी जन्मदात्री नव्हे, दुसऱ्याचे बीज सांभाळणारी ती दाई आहे. मातृहत्या केलेल्या ओरेस्टिसचा बचाव या युक्तिवादावर उभा राहतो. ॲरिस्टॉटलने तोच विचार तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडला: आईकडून द्रव्य मिळते, बापाकडून रूप; लाकूड तिचे, सुतारकाम त्याचे.

एका उपमेवर केवढी इमारत उभी राहिली! गोत्र बापाचे, वंश बापाचा, मुलगी दानाची वस्तू. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सीड अँड अर्थ’ या निबंधात दाखवून दिले, की बीज आणि भूमी यांचे हे रूपक केवळ वर्णन करून थांबत नाही. मुलांवर आणि जमिनीवर हक्क कोणाचा, हेही ते ठरवून टाकते. नियोगाच्या प्रथेत तर ही गोष्ट उघडी पडते. तिथे परपुरुषापासून झालेले मूल ‘क्षेत्रज’ म्हणून क्षेत्राच्या धन्याचे, म्हणजे नवऱ्याचे मानले जाई. बीज वरचढ मानले तरी मूल पुरुषाचे आणि क्षेत्र वरचढ मानले तरी क्षेत्राच्या मालकाचे. खुद्द क्षेत्राचा हक्क दोन्ही हिशेबांत कुठेच येत नाही.

वैद्यांची परंपरा मात्र धर्मशास्त्रापेक्षा सावध होती. सुश्रुताने गर्भासाठी चार गोष्टी लागतात असे सांगितले: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. यातही शेतीच आहे. वाफसा, जमीन, पाणी आणि बियाणे यांचा मेळ जमावा लागतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण इथे क्षेत्र म्हणजे गर्भाशय, अख्खी स्त्री नव्हे. चरकसंहिता आणखी पुढे जाते. स्त्रीच्या शोणितातही बीज आहे, त्या बीजाचे भाग आहेत आणि जो भाग बिघडेल त्याप्रमाणे संततीच्या अवयवात दोष येतो, असे ती सांगते. स्त्रीला स्वतःचे बीज आहे, हे इथे उघडपणे मान्य केलेले आहे. चरकसंहितेच्या ‘शारीरस्थान’ या भागात आत्रेय आणि भरद्वाज यांच्यातला एक वादही आहे. गर्भ आईपासून होत नाही, बापापासून नाही, आत्म्यापासूनही नाही, असे म्हणत भरद्वाज एकेक कारण खोडून काढतो. आत्रेयाचे उत्तर असे, की घर जसे अनेक वस्तूंचे आणि रथ जसा अनेक अंगांचा, तसा गर्भ या सगळ्यांच्या समुदायातून होतो. कोणा एकाला कर्ता ठरवण्याचा हट्टच या उत्तराने सोडून दिला आहे. प्राचीन वाङ्मयातल्या गर्भचिंतनात याहून समंजस जागा क्वचितच सापडेल.

तरीही वैद्यांपुढे एक अडचण होती. पुरुषाचे शुक्र डोळ्यांना दिसत होते. स्त्रीचे काय दिसत होते? रज. म्हणून रज हाच तिचा वाटा धरला गेला. वास्तविक पाळीचे रक्त हे गर्भाशयाच्या गळून पडलेल्या अस्तराचे असते, त्यात बीजपण काही नाही. खरे स्त्रीबीज मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढे असते आणि पोटात खोलवर, अंडाशयातून गुपचूप बाहेर पडते. डच वैद्य रेग्निअर द ग्राफ याने १६७२ साली अंडाशयावरचे द्रवाने भरलेले फुगवटे वर्णिले. त्यांना आज पुटिका म्हणतात आणि पक्व पुटिकेला त्याचे नावही आहे. त्या पुटिकेच्या आतली खरी अंडपेशी सस्तन प्राण्यात पहिल्यांदा दिसली ती १८२७ साली, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअरला, एका कुत्रीच्या अंडाशयात. म्हणजे बीज कोणाचे या वादाला दोन हजारांहून अधिक वर्षे लोटली होती, तेव्हा कुठे दुसऱ्या पक्षाचा पुरावा हाती आला.

हा पुरावा काय सांगतो हे कळायचे तर अंडपेशी कशी घडते ते पाहावे लागते. ती घडायला लागते स्त्रीच्या जन्माआधी. मुलीचा गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना काही थोड्या पेशी गर्भाबाहेर, पीतक कोशाच्या भिंतीत, इतरांपासून वेगळ्या काढल्यासारख्या दिसू लागतात. त्या तिथून सरकत सरकत गर्भाच्या शरीरात येतात आणि पुढे जिथे अंडाशय होणार त्या जागी वस्तीला राहतात. मग त्यांची संख्या झपाट्याने वाढते. विसाव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख जननपेशी असतात. आयुष्यात यापुढे ही संख्या कधीच गाठली जात नाही. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख, आणि प्रत्यक्ष अंडाशयातून बाहेर पडतात त्या साऱ्या जन्मात चारशे-पाचशे.

संख्या वाढत असतानाच दुसरे काम सुरू होते. जवळजवळ प्रत्येक मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. बीजात ती निम्मी, २३, व्हायला हवीत. त्यासाठीचे अर्धगुणसूत्री विभाजन मुलगी आईच्या पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्याच्या आसपास सुरू होते. आईबापांकडून आलेली जोडीची गुणसूत्रे एकमेकांना बिलगतात, आपापले तुकडे अदलाबदल करतात, आणि तिथेच सगळे थांबते. हे थांबणे काही तासांचे नसते. जी अंडपेशी बाराव्या वर्षी बाहेर पडेल ती बारा वर्षे थांबते. जी पंचेचाळिसाव्या वर्षी पडेल ती पंचेचाळीस. सपाट पेशींच्या एकेरी आवरणात गुंडाळलेली ती नुसती वाट पाहत असते. या लांबलेल्या थांब्याची किंमतही आहे: गुणसूत्रांना धरून ठेवणारे बंध वयाबरोबर सैल होतात, आणि उशिराच्या मातृत्वात गुणसूत्रांच्या वाटणीतल्या चुका वाढतात त्या यामुळे.

वाढीला लागलेली पुटिका पक्व व्हायला कित्येक महिने घेते. आवरणातल्या पेशींचे थर वाढतात, अंडपेशीभोवती पारदर्शक कवच तयार होते, आत द्रव साठतो. वयात आल्यावर दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून पुटिकांना चालना मिळते. अनेक पुटिका शर्यतीत उतरतात, बहुधा एकच टिकते. ही पुटिका इस्ट्रोजेन स्रवते, आणि त्याची पातळी पुरेशी चढली की पीयूषिकेतून पीतपिंडकारी संप्रेरकाची लाट येते. या लाटेने वर्षानुवर्षे थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते. पण ते समान नसते. पुरुषात एका मूळ पेशीपासून चार सारख्या शुक्रपेशी होतात. इथे निम्मी गुणसूत्रे एका इवल्याशा ध्रुवीय पिंडात टाकून दिली जातात, आणि जवळजवळ सगळे पेशीद्रव्य एकाच पेशीकडे राखले जाते. मग दुसरे विभाजन सुरू होते आणि तेही अर्ध्यावर थांबते. या अवस्थेत अंडपेशी अंडाशयातून सुटते, अंडनलिकेत शिरते आणि साधारण एक दिवस जगते.

शुक्रपेशी आत आली तरच दुसरे विभाजन पूर्ण होते. ती आली नाही तर अंडपेशी अपुरीच मरते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पूर्ण घडलेले, पण अजून फळले नाही असे मानवी स्त्रीबीज प्रत्यक्षात नसतेच. ज्या प्रसंगात त्याची घडण पुरी होते त्याच प्रसंगात त्याचे वेगळेपण संपलेले असते. बी आधी कोठीत तयार असते, मग शेतात पडते, हा शेतीतला क्रम इथे लागू पडत नाही.

आता उपमेची कसोटी घेता येते. शेत बियाण्याला पाणी देते, खत देते, पण ज्वारीच्या दाण्यात काय असावे हे शेत ठरवत नाही. अंडपेशी ते ठरवते. गुणसूत्रांचा निम्मा वाटा तिचा. पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांचे वेगळे जनुकद्रव्य तर जवळजवळ पूर्णपणे तिचेच. ते आईकडून मुलीला, मुलीकडून नातीला असे स्त्रियांच्याच वाटेने उतरत जाते. फलनानंतरचे पहिले दोन-तीन दिवस गर्भाचे नवे जनुक बहुतांशी गप्प असतात, आणि अंडपेशीने आधीच साठवून ठेवलेल्या रसायनांवर सगळा कारभार चालतो. ॲरिस्टॉटलने ज्याला सुतारकाम म्हटले, त्याची सुरुवात लाकडाच्या बाजूने होते. म्हणजे अंडपेशी बीजही आहे आणि त्या बीजाचे पहिले क्षेत्रही. मराठीने तिला ‘स्त्रीबीज’ हा शब्द दिला तेव्हा जुन्या वादाचा अर्धा निकाल भाषेनेच लावून टाकला.

पण म्हणून पारडे उलटे फिरवणेही चूक ठरेल. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात तसे झाले. काही पंडितांनी ठरवले, की संपूर्ण माणूस अतिसूक्ष्म रूपात अंड्यातच असतो, त्याच्या आत पुढची पिढी, तिच्या आत त्यापुढची. सगळी मानवजात आदिमाता ईव्हच्या अंडाशयात एकात एक बसवलेली होती. प्रतिपक्षाने तोच छोटा माणूस शुक्रजंतूच्या डोक्यात बसवला. देवाने सृष्टी एकदाच निर्माण केली, या श्रद्धेला ही कल्पना सोयीची होती. १७५९ साली कास्पार वुल्फने कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या निरीक्षणावरून दाखवले, की अवयव आधीपासून नसतात, ते टप्प्याटप्प्याने घडतात. १८७६ साली ऑस्कर हर्टविगने समुद्री साळिंदराच्या अंड्यात दोन केंद्रकांचा मिलाफ पाहिला, आणि एकट्या बीजाची बाजू दोन्हीकडून कोसळली.

एकटे बीज काय करते हे स्त्रीरोगतज्ज्ञांना ठाऊक असते. कधी कधी अंडाशयातली एखादी अंडपेशी शुक्रपेशीविनाच वाढू लागते. त्यातून मूल होत नाही, एक गाठ होते. शस्त्रक्रियेत ती उघडली की आत केस, त्वचा, कधी दातही सापडतात. याउलट, अंडपेशीतली आईची गुणसूत्रे हरवून केवळ बापाच्या गुणसूत्रांवर गर्भ वाढू लागला, तर द्राक्षगर्भ होतो: वारेच्या ऊतीचे पाण्याने भरलेले घोस, आणि बाळ नाहीच. १९८४ साली उंदरांच्या गर्भांवर केलेल्या प्रयोगांत अझीम सुरानी यांना, आणि स्वतंत्रपणे मॅकग्राथ व सोल्टर यांना, हेच आढळले: दोन्ही संच आईचे असोत की दोन्ही बापाचे, गर्भ पूर्ण वाढत नाही. एकाच जनुकावर आईकडची खूण वेगळी असते आणि बापाकडची वेगळी, आणि गर्भाला दोन्ही लागतात. चरकाने केस, नखे, दात, हाडे यांसारखे कठीण भाग पितृज मानले, आणि त्वचा, रक्त, मांस, हृदय असे मऊ भाग मातृज. अंडाशयातल्या त्या गाठीतला दात ही वाटणी खोटी ठरवतो. पण दोघांवाचून गर्भ नाही, हे आत्रेयाचे मूळ म्हणणे द्राक्षगर्भ आणि ती गाठ मिळून पक्के करतात.

मुलगा की मुलगी, याबाबत परंपरेची चूक अधिक महागात पडली. गर्भोपनिषदात बापाचे रेत अधिक असेल तर मुलगा, आईचे अधिक असेल तर मुलगी, असे म्हटले आहे. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स यांनी कीटकांवर केलेल्या कामातून लिंग गुणसूत्रावर ठरते हे पुढे आले. माणसात अंडपेशीकडे नेहमी एक्स गुणसूत्रच असते. एक्स किंवा वाय ही निवड शुक्रपेशीबरोबर येते. लागोपाठ मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या, तिच्यावर सवत आणणाऱ्या घरांनी ज्या गोष्टीची शिक्षा तिला दिली, ती तिच्या बीजाच्या हाती कधीच नव्हती.

महाराष्ट्राच्या वारसा कायद्यावर ज्या ग्रंथाचा शतकानुशतके अंमल राहिला, त्या ‘मिताक्षरे’त या वादाला एक अनपेक्षित वळण मिळते. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, इ. स. ११००च्या सुमारास विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. ‘सपिंड’ या शब्दातला पिंड म्हणजे श्राद्धातला भाताचा गोळा, असा अर्थ बंगालच्या दायभाग परंपरेने घेतला. विज्ञानेश्वराने तो नाकारला. पिंड म्हणजे शरीर. ज्यांच्यात एकाच शरीराचे अवयव उतरले आहेत ते सपिंड. मुलाचा बापाशी असा संबंध आहे, बापाद्वारे आजोबाशी आहे, आणि तितकाच तो आईशी, आईद्वारे आजोळच्यांशीही आहे. पुराव्यासाठी तो गर्भोपनिषदातले वचन घेतो, ज्यात देहाचे सहा कोश सांगून तीन बापाचे आणि तीन आईचे म्हटले आहेत. निषिद्ध पिढ्या मोजताना त्याने बापाकडे सात आणि आईकडे पाचच धरल्या, हे खरे. स्मृतीची चौकट त्याने मोडली नाही. तरी नाते रक्तमांसाच्या सामाईकपणावर उभे करणाऱ्या या माणसाने क्षेत्र आणि बीज यांची उतरंड आतून पोखरली आहे. अंडपेशीचा इतिहास त्याच्या हाती असता, तर पाच आणि सात हा फरक कशाच्या आधारावर करायचा, हे सांगणे त्याला जड गेले असते.

कारण त्या इतिहासात पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. एखादी बाई पाच महिन्यांची गरोदर आहे आणि पोटात मुलगी आहे, तर त्या मुलीच्या अंडाशयात त्याच वेळी त्या बाईच्या भावी नातवंडांची बीजे आलेली असतात. जे माणूस आज चालते-बोलते आहे, ते ज्या अंडपेशीतून झाले ती त्याच्या आजीच्या पोटात, आजीच्या अन्नावर घडली. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनी खाण एवढी खोल असेल असे मनात आणले नसेल.

धर्मचिंतनापुढे यातून दोन अवघड प्रश्न उभे राहतात. पहिला नाशाचा. साठ-सत्तर लाखांतून चारशे-पाचशे. बाकीच्या सगळ्या मरतात, बहुतेक तर मुलगी डोळे उघडण्याआधीच. प्रत्येक बीजामागे कोणाचा तरी संकल्प आहे असे मानले, तर ही उधळण समजत नाही. उंदरांच्या गर्भात २०१६ साली दिसले, की एकमेकींना जोडलेल्या भगिनीपेशींपैकी बहुतेक पेशी आपले पेशीद्रव्य आणि अंगके एकीला देतात आणि स्वतः मरतात. जिला मिळते ती अंडपेशी होते. निदान काही मरण तरी पोसण्याचा भाग आहे, असा याचा अर्थ. सगळ्या नाशाचे समर्थन त्यातून होत नाही, आणि ते ओढूनताणून करू नये.

दुसरा प्रश्न आरंभाचा. जीव गर्भात केव्हा येतो? चरक म्हणतो, शुक्र आणि शोणित एकत्र येतात तेव्हाच. गर्भोपनिषद सातव्या महिन्यात जीवाचा संयोग सांगते. पाली ‘महातण्हासंखय सुत्ता’त आईबापांचा समागम, आईचा ऋतुकाल आणि गंधब्बाची, म्हणजे जन्म घेऊ पाहणाऱ्या जीवाची, उपस्थिती, या तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. इस्लामी परंपरेत हदीसच्या आधारे १२० दिवसांनंतर रूह फुंकली जाते असा मोठा मतप्रवाह आहे. कॅथलिक चर्चने सजीव आणि निर्जीव गर्भ हा भेद शतकानुशतके वापरला आणि १८६९ साली दंडविधानातून काढून टाकला. अंडपेशी यांपैकी कोणालाही दुजोरा देत नाही. मात्र ‘क्षण’ या कल्पनेला ती धक्का देते. शुक्रपेशी आत शिरल्यापासून दोघांची गुणसूत्रे एका विभाजनात शेजारी येईपर्यंत जवळजवळ एक दिवस जातो. पुढे सुमारे दोन आठवड्यांपर्यंत त्या एका गर्भाचे दोन होऊ शकतात. गर्भावरील प्रयोगांना १४ दिवसांची मर्यादा घालावी, ही ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीची १९८४ सालची शिफारस या टप्प्यापाशी येऊन थांबली.

इथे ‘जीव’ हा मराठी शब्द दुहेरी अर्थाने घोटाळा करतो. जिवंतपणा या अर्थाने जीव फलनात सुरू होत नाही. अंडपेशी आधीच जिवंत असते, आणि ती ज्या पेशीपासून आली तीही. त्या साखळीत कुठे खंड नाही. सुरू होते ती एक नवी व्यक्ती, आणि तीही हळूहळू. आत्मा या अर्थाचा जीव केव्हा येतो, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाच्या कक्षेबाहेरचा आहे. त्याचे उत्तर श्रद्धेने द्यावे, पण ते देताना शरीराचा खोटा दाखला देऊ नये.

जुनी परिभाषा आज एका वेगळ्या ठिकाणी परतली आहे. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून शरीराबाहेर फलन झालेले बाळ जन्माला आले. तेव्हापासून एका स्त्रीचे बीज दुसरीच्या गर्भाशयात वाढणे ही रोजची शक्यता झाली आहे. भारतातल्या २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्यानुसार दात्या स्त्रीला आयुष्यात एकदाच अंडपेशी देता येतात, त्याही सातपेक्षा अधिक काढता येत नाहीत, आणि मुलावर तिचा हक्क राहत नाही. बीज आणि क्षेत्र हे आता नवरा-बायकोतले भेद उरले नाहीत. एकाच मातृत्वाचे ते दोन भाग झाले आहेत. यातली आई कोणती? श्वेतांबर जैनांच्या कथेत महावीरांचा गर्भ देवानंदा या ब्राह्मणीच्या पोटातून क्षत्रियाणी त्रिशलेच्या पोटात नेला जातो. वाढवले त्रिशलेने, नावही तिच्या कुळाचे लागले. पुढे सर्वज्ञ झालेल्या महावीरांना पाहून देवानंदेला पान्हा फुटतो. त्यांचा शिष्य गौतम कारण विचारतो, आणि महावीर सगळ्यांसमक्ष सांगतात की ही माझी आई आहे.